पीस फिरलं तरी न हललेली पापणी

टायरच्या दुकानावरचा हॉल गच्च भरला होता, रांग थेट जिन्यापर्यंत आली होती. पुढे खुर्चीत बसलेले थेंबवाले बाबा एका ट्रकड्रायव्हरच्या डोळ्यात थेंब सोडून म्हणाले, "तीस आकडे मोज. दुखणं आलं तसं निघून जाईल." ड्रायव्हर पंचविसावरच हसायला लागला. मग बाबांनी कबुतराचं पीस त्याच्या बुबुळावरून अलगद फिरवलं. पापणी हलली नाही. "पाहा, पापणीचीसुद्धा भीती गेली," बाबा म्हणाले आणि टाळ्या पडल्या. पापणीला भीती असते हे मला नवीन होतं, आणि माझं तर पोटच डोळ्यांवर चालतं.

पुढचा नंबर माझ्या आईचा होता. तीन आठवडे ती मला न सांगता रोज इथे येत होती. शेजारच्या काकू बोलून गेल्या, म्हणून आज मी तिच्या मागोमाग आले होते.

पीएचडी झाल्यापासून चार वर्षं मी प्रयोगशाळेत एकच गोष्ट पाहते आहे. डोळ्यातल्या कापल्या गेलेल्या नसा पुन्हा कशा वाढतात, आणि कधीकधी वेड्यावाकड्या वाढून का दुखत राहतात. हे सगळं उंदरांवर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्येही अशा नसा कापल्या जातात. आईचं ते ऑपरेशन झालं आणि डोळ्याची आग थांबेना, तेव्हा मी तिला प्रयोगशाळेतल्या तपासणीच्या भिंगासमोर बसवलं. सवयीने आधी बधिर करणारा थेंब टाकला. "आता थांबलं गं," ती म्हणाली. डोळा वरून स्वच्छ दिसत होता. "मग काही नाहीये, आई. मनाचे खेळ आहेत," मी म्हणाले आणि हातमोजे काढले.

थेंबाने थांबलं म्हणजे दुखणं डोळ्याच्या नसेत आहे, मनात नाही. हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून शिकवते. आईच्या वेळी ते मला सुचलंसुद्धा नाही. हे लिहितानाही मला लाज वाटते आहे.

"ताई, कुठे दुखतं? कधीपासून?" बाबांनी तिला विचारलं. ती पाच मिनिटं बोलत होती आणि ते ऐकत होते. मग थेंब पडला, तिने तोंड वाकडं केलं. मी पुढे झाले.

"काय झालं, आई?"

मला पाहून ती दचकली. "आधी झोंबतं जरा. तुझा तो थेंब झोंबला होता ना, अगदी तसंच."

मी बाटली मागितली.

"विश्वास नसलेल्याच्या हातात याचं पाणी होतं," बाबा म्हणाले.

"मग पाण्याला काय घाबरायचं?" ड्रायव्हरने बाटली उचलून एक थेंब जिभेवर घेतला. थोड्या वेळाने म्हणाला, "जीभ जड झाली की. दाढ काढताना सुई देतात तसं."

बाटली हातोहात फिरली. बघता बघता निम्मा हॉल बोबडं बोलायला लागला.

मी सांगितलं, की हे बधिर करायचंच औषध आहे. दुखणं जात नाही, नस झोपते. जागी नस पीस लागताच पापणी मिटवते. ती झोपली की धूळ गेली, नख लागलं, तरी कळत नाही. रोज टाकलं तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा झिजत जातो.

लोक उठायला लागले. बाबा मात्र माझ्याकडे पाहत म्हणाले, "तीन आठवडे हिला झोप लागली ती माझ्यामुळे. तुम्ही काय केलंत?"

मी आईचा हात धरला आणि तिला थेट डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

आईच्या बुबुळावरच्या पडद्याला जखम झालीच होती. आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. जखम भरली, डाग राहिला. त्या डोळ्याने तिला आता माझा चेहरा धुरकट दिसतो.

दवाखान्याच्या बाकावर मी तिला विचारलं, "मी यावरच काम करते, तुला माहीत नव्हतं का?"

"होतं की," ती म्हणाली. "म्हणून तर आधी तुझ्याकडे आले होते."

अर्ध्या मिनिटात दुखणं पळवणारा कुणी भेटला, तर बाटलीत काय आहे ते जरूर विचारा. चारचौघांत विचारा. आणि घरचं माणूस दुखतंय म्हणालं, तर भिंग लावण्याआधी त्याचं ऐकून घ्या. मी ऐकलं असतं, तर आई तो जिना चढलीच नसती.