नियम सत्तेचाळीसचा अपवाद

"पोरी, परत झोपला बघ तुझा संगणक! पंपाचा दाब किती, देव जाणे."

अलेक्झांड्रियाच्या पूर्व पाणी केंद्रातून ऑपरेटर वहबाचा, सगळ्यांच्या 'अम्म' म्हणजे काकाचा, सकाळपासूनचा हा चौथा फोन. मुख्य कचेरीत नर्मीनने कपाळाला हात लावला.

"अम्म वहबा, सेटिंगला हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"कोण लावतंय?"

"तुम्ही! अकराला लॉक काढलंत, साडेअकराला यंत्रणेनं परत बसवलं. मला इथं दिसतं सगळं."

"म्हणजे माझ्या सासूसारखीच की. उशी सरकवली की परत जागेवर!"

*नियम ४७: वापरात नसलेली स्क्रीन दहा मिनिटांत बंद व्हावी.*
*यंत्रणेतली ओळ: सर्व संगणक, ६०० सेकंद.*

असे दोनशे अकरा नियम. सरकारी भाषेतला एकेक नियम उलगडून यंत्रणेला कळेल अशी त्याची ओळ करायची, यात नर्मीनचे आठ महिने गेले होते. आता यंत्रणेच्या फळ्यावर दोनशे अकरा हिरवे ठिपके होते; कुठे अपवाद केला की ठिपका पिवळा. आणि उद्या तपासनीस येणार होते.

"एक जरी पिवळा झाला," तिचे वरिष्ठ, उस्ताज तौफीक साहेब म्हणाले होते, "तर बढती विसर, इंजिनीअर बाई."

पाचवा फोन आलाच नाही. वहबाची स्क्रीन मात्र तासभर जागीच दिसत होती. नर्मीन तणतणत केंद्रावर गेली.

माउस एका मनगटी घड्याळावर ठेवलेला. शेजारी चहाचा ग्लास, आणि वहबाची नजर पडद्यावर.

"हे काय?"

"खाली सेकंदकाटा फिरतो. त्याला वाटतं, माणूस हलतोय."

"आणि तुम्ही उठून गेलात तर? कुणीही येईल, बटण दाबेल!"

"पाळी कुणाचीही असो, ही खुर्ची रिकामी पाहिलीस कधी? मंगळवारी दाब चढला तेव्हा पडदा काळा होता. चौदा अक्षरांचा पासवर्ड या बोटांनी टाकेपर्यंत गल्लीत पाइप फुटला."

"मग सांगितलं का नाही?"

"फोन काय तुझी खुशाली विचारायला करत होतो?"

नर्मीनने नियम पुन्हा वाचला. *वापरात नसलेली.* तिच्या ओळीत ते दोन शब्द नव्हतेच. तिथं नुसतं 'सर्व' होतं. आठ महिने! तिने तिथंच लॅपटॉप उघडला.

*अपवाद: पूर्व केंद्र, नियंत्रण कक्ष.*
*कारण: ही स्क्रीन कधीच वापराबाहेर नसते.*
*लॉकऐवजी काय: खुर्चीत माणूस.*
*मुदत:*

"तारीख लागते, अम्म वहबा. यंत्रणा ती जागा रिकामी सोडू देत नाही."

वहबा घड्याळाची काच बाहीने पुसत होता.

"तीस मे लिही. त्या दिवशी मी निवृत्त. मग पंप तुमच्याच कचेरीतून चालणार. इथं खुर्चीच राहणार नाही."

तिने तारीख लिहिली. ठिपका पिवळा झाला.

वहबाने घड्याळ मनगटाला बांधलं, खुर्ची जरा पुढे ओढली आणि तो पुन्हा पडद्याकडे बघत बसला.