वसाहतीचं शेवटचं दार

बाबा पेन्सिलीने चित्रं काढायचे आणि ती त्यावर शाई फिरवायची. अकरा वर्षं बापलेकीचा हा कारखाना बिनबोभाट चालला होता. पेन्सिल फिकट निळी, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसत नाही. छापून येतं ते फक्त काळं. "जगाला दिसत नाही, शाईबाई, पण तुला दिसलं पाहिजे," असं बाबा म्हणत. नियम एकच: खाली आहे ती रेघ सोडायची नाही, नाही ती घालायची नाही.

त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. परग्रहावर वसाहत उभारणाऱ्या माणसांची त्यांची चित्रमालिका या अंकात संपत होती. अंथरुणाला खिळेपर्यंत बाबांनी चोवीस पानं निळ्यात ओढून ठेवली होती. शेवटची भिंत, शेवटचं दार, सगळे आत. वसाहतीचा कायदा वाचकांना पहिल्या अंकापासून तोंडपाठ होता: बाहेरून ओळखीच्या आवाजात हाक आली, तरी दार उघडायचं नाही. ज्यांनी उघडलं, त्यांच्या दोन वसाहती ओस पडल्या होत्या.

संपादकाला बाबांनी 'घाई' असं नाव ठेवलं होतं. तो जिना एकाआड एक पायरी गाळत चढायचा; बाबा वळणावर दम खात चढायचे. सकाळी येऊन पहिली सोळा पानं घेऊन गेला.

"ताई, सहाला येतो. शेवटची आठ पानं तयार ठेवा, छापखानेवाला माझ्या मानगुटीवर बसलाय."

"चहा तरी घ्या."

"सहाला. पानांबरोबर." शब्द कानावर येईतो तो खालच्या मजल्यावर पोचला होता.

तिने सतरावं पान घेतलं. भिंतीपलीकडच्या माळावर एक दगड होता. तिसऱ्या पानावरही होता, ठिपक्याएवढा. नवव्यावर जरा मोठा. तिने दोन्ही दगड म्हणूनच काळे केले होते. इथे मात्र दगडाला खांदे होते.

ती शाई फिरवत पुढच्या पानांवर गेली. विसाव्या पानावर तो माणूस उभा होता, उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला. चाळीस वर्षं टेबलावर वाकून बसलेल्या माणसाचा असतो तसा. तेविसाव्यावर तो भिंतीच्या पायथ्याशी होता. आणि त्याला दगड समजून काळी केलेली पानं छापखान्यात पोचली होती.

चोविसाव्या पानावर दाराबाहेर तो, थाप मारायला हात उचललेला. आत एक बाई, तिचा हात दाराकडे. बाईला चेहरा नव्हता. दारावर अडसर रेखाटलेलाच नव्हता. समासात बाबांच्या सूचना असायच्या, 'इथे गच्च काळं', 'नाक सांभाळ!' इथे एवढंच होतं: 'हे तू ठरव.'

आई चहा घेऊन आली. गेले तीन आठवडे ती घराच्या दाराला कडी लावू देत नव्हती. "त्यांची किल्ली इथेच राहिलीय," म्हणायची. दोनदा सकाळी दार सताड उघडं सापडलं होतं. वारा असेल, असं आई म्हणाली होती. दोन्ही वेळा खिडक्या बंद होत्या.

"आले की," पानावर वाकून आई म्हणाली. कप हातातच राहिला. "खांदा बघ. किती कानीकपाळी ओरडले, ताठ बसा म्हणून."

"आई, चित्र आहे ते."

"चित्रच म्हणतेय मी. उघड की मग. चित्रात तुझं काय जातंय?"

काय जात होतं, ते तिला सांगता आलं नसतं. उघडावं, असं आईइतकंच तिलाही वाटत होतं. भीती त्याचीच होती. भिंतीआडची माणसं बाबांनी एकेक करून जगवली होती. आणि घरातली ती दोन सकाळची उघडी दारं.

तिने टाक बुडवला आणि दारावर आडवी जाड रेघ मारली. खाली निळं नसताना मारलेली तिची ती पहिली रेघ. मग बाहेरच्या माणसावर शाई फिरवली. खांदा, बोटं, चपलेचा तुटका अंगठा, एकही रेघ सोडली नाही.

"अडसर घातलास," आई म्हणाली.

"हो."

"आणि त्यांना उभं ठेवलंस बाहेर."

"आहे ती रेघ कशी सोडू?"

ती उठली आणि घराच्या दाराला कडी लावून आली. आईने अडवलं नाही. खुर्ची ओढून आई टेबलापाशी बसली.

"मग आता ऐकत बसावं लागेल," आई म्हणाली.

साडेपाच वाजले होते. शाई वाळत होती. खाली जिन्यात पावलं वाजली.

"घाई आला वाटतं. आज लवकर," ती म्हणाली आणि दौतीचं झाकण लावायला लागली. मग थांबली. पायरी गाळल्याशिवाय घाई कधी चढला नव्हता. ही पावलं प्रत्येक पायरीवर टेकत होती, आणि वळणावर दम खाऊन पुन्हा वर येत होती.

आईने दाराकडे पाहिलंच नाही. ती लेकीच्या हाताकडे बघत होती.