राडिसावने बिघडवलेली गाडी

राडिसाव मिस्त्रीच्या कपाटात एकोणतीस टॉवेल होते. पांढरेशुभ्र, भरतकामाचे, एकालाही त्याने कधी हात पुसले नव्हते. लग्नात नवरीची गाडी त्यानेच तपासायची आणि वरातीचा मुख्य मानकरी, म्हणजे कूम, याने सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकायचा, हा मोराव्हा नदीकाठचा रिवाज.

तिसावा टॉवेल मात्र विदोयेला जाणार होता.

हा विदोये ऑस्ट्रियातल्या गॅरेजांत बारा वर्षं काढून परतलेला. त्याच्या पान्यांची पेटी इतकी लखलखायची, की ती उघडली की उजाडलं समजून कोंबडे आरवायचे. कूम त्रिफुनने ओग्न्येनच्या लग्नाची लाल गाडी त्याच्याच हाती दिली.

"अहो, जेवा की," त्याची बायको पेर्सिदा म्हणाली. "मिरच्यांच्या चटणीकडे असे बघताय, जशी ती विदोयेनेच वाटलीय."

"पेट्रोलचा फिल्टर बदलला म्हणे त्यानं! मी बसवलेला!"

"फिल्टरच बदलला ना? बायको तर नाही?"

"बायको बदलली असती तर एवढं लागलं नसतं," राडिसाव म्हणाला, आणि तिने भिरकावलेला डाव चुकवायला खाली वाकला.

लग्नाच्या दिवशी वरात नवरीच्या अंगणात थडकली. तिथे झाडाच्या शेंड्याला सफरचंद टांगलेलं. नवऱ्याने ते बंदुकीने पाडल्याखेरीज नवरी उंबरा ओलांडत नाही. ओग्न्येनचा नेम असा, की सहाव्या गोळीला शेजाऱ्याचं धुराडं गेलं. दीडशे माणसं माना वर करून उभी होती. तेवढ्यात राडिसावने हळूच लाल गाडीचं बॉनेट उचललं.

फिल्टरवर बाण असतो, तो इंजिनाकडे हवा. उलटा बसला तर सपाटीवर गाडी गुमान चालते. चढावर मात्र इंजिनाला पेट्रोल पुरत नाही, ते धापा टाकून बसकण मारतं. आणि चर्च होतं टेकडीच्या माथ्यावर! डोळे गर्दीवर ठेवून राडिसावने चाचपतच पट्ट्या सैल केल्या, फिल्टर उलटा फिरवला, पट्ट्या आवळल्या. बाण बघायला वेळ कुणाला? अकराव्या गोळीला सफरचंद पडलं, तेव्हा बॉनेट बंद होतं.

चढ लागला. मागच्या गाडीत राडिसाव मनातल्या मनात मोजू लागला. आता आचके देईल, आता देईल... आणि लाल गाडी अशी उधळली, की तुतारीवाल्यांचे सूर अर्ध्या वाटेतच लोंबकळत राहिले. पाद्री दाढी विंचरत होता, तोच नवरी दारात!

सगळे आत गेल्यावर राडिसावने बॉनेट पुन्हा उघडलं. बाण इंजिनाकडे. म्हणजे आधी तो उलटा होता, विदोयेनेच उलटा बसवला होता! आणि आपण, आपल्या या हातांनी, त्याची अब्रू वाचवली! राडिसावने बॉनेट धाडकन आपटलं.

जेवणावळीत त्रिफुनने टॉवेल उंच धरला. "ये रे विदोये!"

"बाण दोनदा तपासला होता, दादा," विदोये छाती फुगवून म्हणाला. "आपलं काम म्हणजे काम."

"उलटा होता, मेल्या!" राडिसाव बाकावर चढून ओरडला. "उलटा होता!"

अकॉर्डियन थांबलं. त्रिफुनने भुवई उचलली. "तुला रे कसं ठाऊक?"

राडिसाव घाईघाईने बाकावरून उतरला. पेर्सिदाने त्याची बाही नाकाशी धरली. "पेट्रोल," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "सकाळीच इस्त्री केली होती हो मी!"

असा हशा उठला, की मंडपाचा एक खांब तिरका झाला. तो आजही तसाच आहे. विदोयेच्या कानांचे शेंडे लाल झाले. नवरीने त्रिफुनच्या हातातून टॉवेल घेतला आणि राडिसावपुढे धरला.

"घ्या काका. पण आधी हात पुसा, सगळ्यांसमोर."

राडिसावने दोन्ही हात पुसले. भरतकामातली गुलाबाची फुलं काळी पडली.

एकोणतीस टॉवेल अजून कपाटात आहेत. तिसावा गॅरेजच्या खिळ्याला लटकतो. आणि लग्न ठरलं की लोक गाडी आधी विदोयेकडे नेतात, मग राडिसावच्या दारात येऊन हाक मारतात, "काका, चला, बिघडवायला!"

तो शिव्या देत जातो. पण जातो.