फरंगीस खानमचा फोटो

"डोकं झाकल्याशिवाय हा छापता येणार नाही." सालेहींनी फोटो बद्रीच्या टेबलावर ठेवला. "एवढं रंगवून द्या."

फोटो फरंगीस खानमचा होता. त्या नुकत्याच गेल्या होत्या. 'चिराग-ए-खाना' हे बायकांचं साप्ताहिक त्यांनी तेहरानमधल्या आपल्या घराच्या बैठकीत सुरू केलं, तेव्हा बद्री विशीतही नव्हती. शाहच्या माणसांनी एकदा ते बंद पाडलं. तेव्हाही खानम रिकाम्या कचेरीत येऊन बसायच्या आणि बद्रीला स्वतः चहा करून द्यायच्या. क्रांतीनंतर नव्या मंडळींनी त्यांनाच घरी बसवलं आणि त्यांच्या खुर्चीवर सालेही आले. बद्री मात्र राहिली. फोटोंवरचे डाग, सुरकुत्या बारीक कुंचल्यानं घालवायचं तिचं काम. हल्ली बायकांच्या उघड्या केसांवर काळा रुमाल रंगवायचं.

"सालेही आगा, मोठ्या झाल्यावर यांनी कधी डोक्यावर रुमाल घेतला नाही."

"ठाऊक आहे मला. माझी आई यांचाच अंक वाचून अक्षरं शिकली." सालेहींनी दार लोटून घेतलं. "पण असा गेला तर अख्खा अंक अडकेल. नसेल जमत तर फोटो नको. काळ्या चौकटीत चार ओळी टाकू."

"चारच?"

"तुम्ही ठरवा. मी तरी काय, सांगकाम्याच."

तब्रीझ, केरमानसारख्या दूरच्या शहरांतल्या वाचक बायकांना हा चेहरा ओळखीचा. चार ओळी त्यांच्या नजरेतून निसटतील. बद्रीनं रंग कालवला. कपाळापासून सुरुवात केली, आखूड केस झाकले, कानामागं चुण्या काढल्या, हनुवटीखाली सावली दिली. रुमाल इतका खरा उतरला की तिला स्वतःचाच राग आला.

अंक निघाल्यावर खानमची थोरली बहीण महलका फोटो परत न्यायला आली. भिंतीवरून काढून दिलेला, घरात एवढा एकच चांगला होता. तिनं आधी अंक पाहिला. बराच वेळ पाहिला.

"अगदी आमच्या आईसारखी दिसतेय," ती म्हणाली. "आईनं डोकं झाक म्हटलं, म्हणून तर घर सोडलं होतं तिनं."

बद्रीनं पाण्याची वाटी पुढं ओढली. "हा रंग पाण्यानं निघतो," ती म्हणाली. "बसा, मी काढून देते."

तिनं ओला कापूस हलक्या हातानं फिरवला. काळं पाणी ओघळलं. आधी कान दिसला, मग केस. कपाळाच्या कडेचा करडा डाग मात्र निघेना. बद्रीनं पुन्हा कापूस भिजवला.

"राहू दे गं आता," महलकानं तिचा हात धरला. "आणखी घासलंस तर चेहरा जाईल."

तिनं आपला रुमाल कपाळावर पुढं ओढून घेतला. फोटो पिशवीत टाकला नाही. ओला होता, म्हणून दोन कोपऱ्यांना धरून, समोर उंच धरून ती एकेक पायरी उतरत गेली.