गाडी लेट

आमच्या स्टेशनाचा इतिहास दीड पानाचा आहे. अर्ध्या पानात ते बांधलं, चाललं आणि बंद पडलं. उरलेलं अख्खं पान माझ्या बाबांच्या हट्टाचं.

बाबा तिथले शेवटचे स्टेशनमास्तर. अरुंद रुळांवरची छोटी गाडी इथवर यायची आणि परत फिरायची. नियम असा, की ड्रायव्हरने मागच्या स्टेशनातून आणलेला लोखंडी गोळा मास्तरांकडे पोचवायचा. गोळा पोचला तरच गाडी आली. शेवटच्या दिवशी तो पोचलाच नाही. माणसं उतरली, ड्रायव्हर घरी गेला, डबे वर्षभर बाबांच्या खिडकीसमोर गंजत उभे राहिले आणि शेवटी ट्रकवर घालून नेले. बाबांनी मात्र वहीत लिहिलं, ‘गाडी लेट.’ गेली बावीस वर्षं रोज तेच लिहितायत. मधे निवृत्तही झाले. पण गाडी यायची असताना स्टेशनाचा ताबा द्यायचा कसा? ताबा घ्यायला आलेल्या तीन साहेबांना त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून दाखवलं. तिघेही डोकं खाजवत परत गेले.

मला याचा भयंकर राग येतो. शहरात माझ्या घरी दोघांसाठी खोली तयार आहे, पडद्यांसकट. इथे आईचे गुडघे गेलेत आणि पाण्याचा नळ फलाटाच्या पार त्या टोकाला. तिला विचारलं की म्हणते, “मी आत्ता निघेन गं, पण ह्यांना कोण सांगणार?”

परवा मी इथे आलेली असतानाच चौथा साहेब आला. हा वस्ताद निघाला.

“मास्तर, गोळा सापडला तर आजच सही कराल?”

“करेन की,” बाबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

मी कंबर कसली. दिव्यांची खोली पालथी घातली, तिकिटांचं कपाट उपसलं, वजनकाट्याखाली आडवी पडून पाहिलं. शेवटी आमच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बोटांना गार लोखंड लागलं.

मागे आई उभी होती.

“ड्रायव्हरने माझ्याकडे दिला होता,” ती म्हणाली. “हे दिव्यांच्या खोलीत दार लावून रडत होते. म्हटलं, जरा वेळाने देऊ.”

“बावीस वर्षं म्हणजे जरा वेळ?”

“रोज सकाळी दाढी करतात, कोट चढवतात, मग वही उघडतात. तुझ्या त्या पडद्यांच्या खोलीत कशासाठी दाढी करतील, सांग.”

मला आईचा राग आला, बाबांचा आला, त्या गोळ्याचाही आला. मग एकदम गलबलून आलं. गोळा पुन्हा तांदळात खोल दाबला आणि बाहेर आले.

“नाही सापडला,” मी साहेबांना सांगितलं.

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या माझ्या हाताकडे नीट बघितलं. मग वही ओढली आणि लिहिलं, ‘गाडी लेट.’