बरडगावची गुलाबी तिफण

मित्रांनो, मी एक जुनी तिफण आहे आणि आज मला कोण आनंद झालाय म्हणून सांगू! माझे तिन्ही फण अजून थरथरतायत. तिफण म्हणजे काय, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी मी सांगणार आहे, कारण गेल्या वर्षी एका पाहुण्यानं मला चक्क झोपाळा म्हटलं होतं. मी पेरणीचं अवजार आहे. खाली माती उकरणारे तीन फण, त्यांच्यावर तीन पोकळ नळ्या आणि सगळ्यांत वर लाकडी वाटीसारखं चाडं. पुढून बैल मला ओढतात, मागून चालणारी बाई चाड्यात मुठीनं बी सोडते आणि ते नळ्यांतून थेट मातीत उतरतं. झोपाळा म्हणे!

माझा जन्म बरडगावचा. जालना जिल्ह्यात केदारखेड्याच्या पुढे रस्ता चढू लागतो, मोसंबीच्या बागा मागे पडतात, वारा कानांत शिरतो आणि उंच माळावर आमचं गाव लागतं. राजानंद सुतारांनी बाभळीच्या खोडातून मला घडवलं. त्याच वर्षी उषाबाई सून होऊन या घरात आल्या. पहिल्या पेरणीला त्यांनी मला हळदकुंकू लावलं, ओट्यात, म्हणजे कमरेला बांधलेल्या झोळीत, ज्वारी घेतली आणि चाड्यावर मूठ धरली. काय ती मूठ होती! एक दाणा जास्त नाही की कमी नाही. ज्वारी उगवली की रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची आणि म्हणायची, "ओळी हायेत का दोऱ्या ताणल्यात?" मी फुशारून जायचे. खोटं कशाला बोलू, कौतुक मला फार आवडतं.

मग ट्रॅक्टर आला. चार एकरांची पेरणी संध्याकाळपर्यंत उरकायला लागली आणि मला गोठ्याच्या आढ्याला टांगलं. पहिल्या वर्षी मी वाट पाहिली, दुसऱ्या वर्षीही पाहिली. नंतर चिमण्यांनी माझ्या चाड्यात घरटं केलं. त्यांच्या पिल्लांना मी पंधरा वर्षं सांभाळलं, पण मित्रांनो, पेरणीचे दिवस आले की मला रडू यायचं.

नशीब पालटलं ते पक्क्या रस्त्यामुळे. रस्ता झाला आणि रविवारी जालन्याहून गाड्या येऊ लागल्या! आमच्या गावात पाहण्यासारखं थोडंथोडकं नाही. टेकडीवर महादेव आहे, तिथून सकाळी खालचा सगळा मुलूख धुक्यात बुडालेला दिसतो. दगडी पायऱ्यांची बारव आहे. पहाटे हरणांचे कळप हरभऱ्यात शिरतात. पाहुण्यांना गंमत वाटते आणि आमच्या लोकांना राग येतो, हा भाग वेगळा. शनिवारच्या बाजारात तर पाय ठेवायला जागा नसते. हे सगळं पाहून दैवशालाच्या डोक्यात एक कल्पना आली. दैवशाला म्हणजे उषाबाईंची सून, मच्छिंद्रची बायको. तिनं शेतात हुरड्याचा मांडव घातला, बैलगाडीची फेरी सुरू केली आणि मला आढ्यावरून उतरवून गुलाबी रंग दिला. होय, गुलाबी! मला दाराशी उभं केलं. माझ्यावर चढून लोकांनी फोटो काढले आणि त्यात माझा एक फण मोडला.

पण त्या वर्षी मच्छिंद्रनं एक चूक केली. आमच्याकडे जमिनीत पेरणीजोगी ओल आली, म्हणजे वापसा आला, की सगळं रान एका दमात पेरायचं, अशी रीत आहे. ज्याची पेरणी आधी उरकली त्याची मान गावात ताठ. मच्छिंद्रनंही चारही एकर एका दिवसात पेरले. मग काय, सगळ्या शेतात हुरडा एकदम आला! आठ दिवस मांडव माणसांनी फुलून गेला. नवव्या दिवसापासून दाणे निबर व्हायला लागले आणि संक्रांतीपर्यंत कणसं अशी कडक झाली की पाखरंही कंटाळली.

नेमक्या संक्रांतीला जालन्याच्या मस्तगडातून चंदनबाई आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, सोबत नात पलक. त्या म्हणाल्या, "बेटा, माझं माहेर मंठ्याचं. बापूजी आम्हाला हुरड्याला घेऊन जायचे. पलकला म्हटलं, चल, दाखवते तुला हुरडा काय चीज असते."

दैवशाला सगळं शेत पालथं घालून रिकाम्या हातानं परत आली. "आजी, चार एकर हिंडले, एक बी कवळं कणीस न्हाई राह्यलं."

चंदनबाईंनी एक निबर दाणा तोंडात टाकून पाहिला आणि हळूच रुमालात काढून ठेवला. "असू दे बेटा. हवा तर खाल्ली."

दैवशालाला ते फार लागलं. ती म्हणाली, "पुढच्या संक्रांतीला या आजी. तुमच्या हातावर कवळा हुरडा न्हाई ठेवला, तर हा मांडव मी कायमचा उतरवीन." गाडी गेली आणि ती माझ्या आडोशाला बसून खूप रडली. ते माझ्याशिवाय कुणीच पाहिलं नाही.

पुढचा सप्टेंबर उजाडला. मच्छिंद्र म्हणाला, "माय, वापसा आलाय. भागवतला ट्रॅक्टर सांगून राह्यलो."

"थांब," उषाबाई म्हणाल्या. "सगळं एकदम पेरलं की सगळं एकदमच पिकतं. आठ-आठ दिवसांनी एकेक तुकडा पेर. एक निबर झाला की दुसरा कवळा राहील."

"अन् गावात तोंड कुठं दाखवू? सगळ्यांची पेरणी उरकली अन् आपली महिनाभर चालूच! लोक हसतील, माय."

"हसू द्या," दैवशाला म्हणाली. "गेल्या साली आजी हसत हसत उपाशी गेल्या, ते मला दिसून राह्यलंय."

मच्छिंद्र मग एका तुकड्यापुरता ट्रॅक्टर मागायला शेजारच्या शेतातल्या भागवतकडे गेला. पण भागवतनं ट्रॅक्टर द्यायला साफ नकार दिला. "आठ ओळींसाठी ट्रॅक्टर? त्यापरीस चमच्यानं पेरा की!" तेव्हा उषाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या जिवात जीव आला! म्हातारे राजानंद सुतार चष्मा पुसत आले आणि त्यांनी मला नवा फण बसवला. बैल जुंपले. उषाबाईंनी चाड्यावर मूठ धरली, पण आता त्यांचा हात कापत होता. बी भसाभस पडलं. त्यांनी निमूटपणे ओटा सोडून सुनेच्या कमरेला बांधला. "मूठ लई आवळू नको अन् एकदम सोडू बी नको. पावलाबराबर सोडत जा."

दैवशालाच्या पहिल्या ओळी म्हणजे फजिती होती! इथे दाटी, तिथे टक्कल. भागवत बांधावरून ओरडायचा, "वहिनी, अजून किती साल चालणार पेरणी?" ती फक्त पावलं मोजायची. विहिरीचं पाणी देऊन वापसा आणायचा आणि पुढचा तुकडा पेरायचा, असं करत पाचव्या तुकड्यापर्यंत तिची मूठ बसली.

डिसेंबरपासून एकेका तुकड्याचा हुरडा पाहुण्यांना पुरत गेला. पण संक्रांतीला तीन दिवस उरले तेव्हा चौथा तुकडा निबर झाला आणि पाचव्याचे दाणे दाबले तर नुसतं पाणी निघायचं! थंडीनं पीक अडून बसलं होतं. दैवशाला रोज सकाळी दाणा चिमटीत दाबून पाहायची. आज संक्रांतीच्या सकाळी तिनं दाबला, आणि दुधासारखा दाट चीक बोटांवर आला. "आत्याबाई, भरला! बिलकुल बराबर भरला!" ती शेतातूनच ओरडत आली.

चंदनबाई दुपारी पोचल्या. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजली. उषाबाईंनी ती गरम गरम हातावर चोळली, फुंकर मारली आणि हिरवे दाणे चंदनबाईंच्या ओंजळीत ठेवले. चंदनबाई लसूण खात नाहीत, म्हणून सोबत खास त्यांच्यासाठी लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी होती. चंदनबाईंनी घास घेतला. त्या डोळे मिटून सावकाश चावत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पलक, हा बघ. हा तुझ्या पणजोबांचा हुरडा." दैवशालानं पदर डोळ्यांना लावला. मच्छिंद्रनं उगाचच आगटीत आणखी एक गोवरी टाकली.

पलक माझ्याजवळ फोटोला आली, पण या वेळी माझ्यावर चढली नाही. माझ्या फणांवरून हात फिरवून तिनं विचारलं, "काकू, हिचा गुलाबी रंग कुठे गेला?"

दैवशाला म्हणाली, "कामाला लागली ना बाळा. मंग रंग कसा टिकंल?"

मित्रांनो, इतकं मोठं कौतुक माझं कुणीच केलं नव्हतं! आता मी आढ्यावर नाही, हात पोचेल अशी भिंतीला टेकून उभी आहे. संध्याकाळी भागवत आला होता. त्यालाही पुढच्या वर्षी हुरड्यासाठी थोडं थोडं पेरायचंय, म्हणून मला मागत होता. मच्छिंद्र म्हणाला, "देतो की. पण चमचा बी घेऊन ये."

तुमच्याही घरी एखादं जुनं अवजार कोपऱ्यात पडलं असेल. त्याला रंग देऊन दारात उभं करू नका. धूळ झटका, मोडलं असेल तर नीट करून घ्या आणि वर्षातून चार ओळींचं का होईना, त्याला काम द्या.