पार्तिनीचा टब

मी एक जुना पत्र्याचा टब आहे. काठाचा निळा मुलामा उडालाय, बुडाला गंज चढलाय. मित्रांनो, माझ्याकडून गोड गोष्टीची आशा धरू नका. जावा बेटावरच्या सेमारांग शहरातल्या ज्या घरात माझी उमेदीची वर्षं गेली, त्या घराचा मला आजही संताप येतो.

कारखान्यात मला ठोकून घडवलं, भट्टीत भाजलं. तुमिनाह म्हातारीने मला कपडे धुवायला आणलं. "टब असावा तर असा!" असं ती शेजारणींना सांगायची. तिचा मुलगा कुंचोरो जहाजावर स्वयंपाकी होता. सुट्टीत घरी आला, की आई बाजारात गेल्यावर तो दाराला कडी घालायचा, माझ्यात कोमट मिठाचं पाणी ओतायचा आणि दात आवळून बसायचा. का, ते मी पाहत होतो. पण टबाला तोंड कुठलं?

मग जहाज सोडून त्याने पार्तिनीशी लग्न केलं. पोरगी शिवणकामात तरबेज. वर्ष भरायच्या आत तिला ताप आला, लाजेच्या जागी फोड उठले, लघवीला जाताना ती रडायची. दवाखान्यातल्या सुईणीने सांगितलं, "हर्पिस आहे. अंगातून जात नाही, अधूनमधून उठेल. गोळ्यांनी लवकर बसेल. ताटा-कपड्यांतून पसरत नाही. नवऱ्याला घेऊन ये."

नवरा गेला नाही. "मला काय झालंय?" म्हणाला.

म्हातारीने पार्तिनीचं ताट वेगळं काढलं. ती माझ्यात बसते म्हणून मलाही कोंबड्यांच्या खुराड्यामागे फेकलं. भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "कुठून घाण आणलीस गं, सटवे?" कुंचोरो तिथेच भात जेवत असायचा. फोड बसायचे, पुन्हा उठायचे, आणि दर वेळी म्हातारीची जीभ नव्याने सुटायची.

एका दुपारी वीज गेली, कामावरची शिवणयंत्रं बंद पडली, म्हणून पार्तिनी लवकर घरी आली. न्हाणीचं दार ढकललं, तर मला खुराड्यामागून आत ओढून आणून कुंचोरो माझ्यात बसलेला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून."

ती ओरडली नाही. म्हातारी परतल्यावर तिने सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "पुरुषाची जात. बंदरोबंदरी फिरलाय. व्हायचंच."

"मग आई, आज याचंही ताट वेगळं काढा."

म्हातारीने मोठा मासा उचलला आणि मुलाच्या ताटात वाढला.

पार्तिनी उठली. तोवर कुंचोरोने स्वतःचे सदरे माझ्यात भिजत टाकले होते. ते तिने अंगणातल्या चिखलात ओतले, मला कमरेवर घेतलं आणि चालती झाली.

आता आम्ही शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत राहतो. दुखणं अजून येतं. ती त्या दुखण्याला सणसणीत शिव्या देते, गोळी घेते, पाणी तापवते. दुकानाची मालकीण विचारते, "आज उठलंय का गं? मग बस निवांत, बाह्या मी जोडते."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला असं दुखणं असेल, तर आधी पाणी तापवून द्या. चौकशी नंतर करा. आणि करायचीच झाली, तर सगळ्यांची करा.

परवा कुंचोरो दारात आला. "घरी चल. आई थकलीय."

"शेजारणींना सांगितलंस, दुखणं कुणी आणलं ते?"

"ते कशाला आता?" तो म्हणाला.

"आधी ते सांगून ये," म्हणत तिने दार लावलं.

तो अजून आलेला नाही.